ऑर्गॅनिक आर्सेनिक म्हणजे बिनधोक? असं अजिबात नाही

लॅबमधे अजूनही ऐकू येतं की सोडियम कॅकोडिलेट (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारं आर्सेनिकयुक्त बफर) ऑर्गॅनिक आहे, त्यातलं आर्सेनिक कार्बनशी बांधलेलं असतं, काही होत नाही, ओता सिंकमधे. हा समज बहुतेक माशांवरून आलाय, कारण मासे-कोळंबीत असतं ते आर्सेनोबीटेन खरंच निरुपद्रवी, शरीर ते जसंच्या तसं लघवीतून बाहेर टाकतं, पण कॅकोडिलेट हा वेगळाच रेणू आहे, आर्सेनिकला दोन मिथाइल गट जोडलेले, आणि त्याच्या आम्लाला आयएआरसीने (आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने) २बी गटात, म्हणजे कॅन्सरची शक्यता असलेल्यांत ठेवलंय. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत लोक ते सोडत नाहीत यालाही कारण आहे, फॉस्फेट बफरसारखा कॅल्शियमसोबत साका बसत नाही, बाटलीत बुरशी धरत नाही (का धरत नाही, याचा जरा विचार करा!).

सगळ्यात जपायचं ते पावडर तोलताना. बारीक कण उडतात, म्हणून फ्यूम हूडमधेच, ग्लोव्हज घालून, आणि बॅलन्सभोवती सांडलेलं कोरडं झाडायचं नाही, ओल्या टिश्यूने टिपायचं. नमुना टिकवणारं ग्लुटारल्डिहाइड मिसळलं की बाष्पाचाही त्रास. पहिल्या धुण्याचं पाणीसुद्धा आर्सेनिक लिहिलेल्या वेगळ्या कॅनमधे जाऊ द्या, अ‍ॅसिडच्या कॅनमधे नको, विषारी वायू निघू शकतो.