बोअर संकर बोकड घेण्याआधी: उन्हाळा सोसणारं अंग आणि मटणाचा उतारा

आमच्याकडे पैदाशीचा बोकड बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "किती टक्के बोअर आहे?" टक्का जितका जास्त तितका बोकड भारी, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शिरूर, दौंड, इंदापूर, बारामतीकडच्या शेळीपालकांनी याच गणितात उन्हाळाही धरावा, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

बोअर ही दक्षिण आफ्रिकेतली जात. अंग पांढरं, डोकं तांबडं, पाठ रुंद आणि मांड्या भरलेल्या. आपल्या भागात ती 1990 च्या दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेमुळे आली. आपली उस्मानाबादी धाराशिव, लातूर, सोलापूरकडची. काळी, सडपातळ, लांब पायांची आणि जुळी देणारी. एकीकडे मांस आहे, दुसरीकडे काटकपणा. दोन्ही एकाच करडात हवं असेल तर कुठे थांबायचं, हे आधी ठरवावं लागतं.

दुपारी दोन वाजता शेडमध्ये

गेल्या मे महिन्यात आम्ही एकाच वयाची दोन करडं शेजारी बांधली होती. एक निम्मं बोअर, दुसरं पाऊण बोअर. सकाळी तोललं तेव्हा पाऊणवालं करडू वरचढ होतं, यात शंका नाही. दुपारी दोनला घड्याळ लावून कुशीची हालचाल मोजली. निवांत शेळीचे श्वास मिनिटाला 15 ते 30 असतात. निम्मं बोअर पन्नाशीच्या पुढे गेलं होतं, पण तोंड मिटलेलं होतं आणि मधूनच उठून शेवरीचा पाला ओढत होतं. पाऊणवालं शंभरावर. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, बसायलाही तयार नाही. समोर टाकलेला मक्याचा भरडा संध्याकाळपर्यंत तसाच होता.

नुकसान होतं ते इथेच. मोठ्या अंगाच्या जनावराला किलोमागे कातडी कमी मिळते, त्यामुळे आतली उष्णता बाहेर टाकायला जागा कमी पडते. शिवाय पोटात वैरण आंबते तेव्हाही उष्णता तयार होते. अंग तापलं की जनावर स्वतःहून खाणं तोडतं, आणि उरलेली ताकद धापा टाकण्यात जाते. काळा रंग ऊन जास्त शोषतो, तरी उस्मानाबादी टिकते, कारण तिची चण लहान आणि पोटाची गरज बेताची. नुसत्या रंगावरून निवड करू नका, असं आम्ही म्हणतो ते यामुळे.

किलोचा हिशोब

उतारा म्हणजे जिवंत वजनाच्या शंभर किलोंमागे मिळणारं मटण. डोकं, पाय, कातडं, वजडी यात धरत नाहीत. समजा 30 किलोच्या बोकडाचा उतारा 45 टक्के आहे, तर मटण 13.5 किलो. संकरामुळे तो 48 टक्क्यांवर गेला तर 14.4 किलो. फायदा 900 ग्रॅमचा.

आता दुसरी बाजू. करडाची वाढ दिवसाला 80 ग्रॅम धरा. एप्रिल-मेचे 60 दिवस ते खाल्ल्याविना धापा टाकत राहिलं आणि वाढ थांबली, तर 4 किलो 800 ग्रॅम जिवंत वजन गेलं. मटणात ते दोन किलोंहून जास्त होतं. टक्क्याने दिलेलं एका उन्हाळ्याने दुपटीने परत नेलं. (उतारा मोजताना एक सांभाळा: पोट भरलेलं असताना तोललं तर तो कमी दिसतो, रात्रभर उपाशी ठेवून तोललं तर जास्त. दोन बोकडांची तुलना करताना दोघांना सारखंच ठेवा.)

मग किती टक्के?

पूर्वेकडच्या तालुक्यांत, पत्र्याखालच्या शेडसाठी, विक्रीचं करडू निम्म्या बोअरवर थांबवा. शुद्ध उस्मानाबादी शेळी आणि बोअर बोकड यांच्या पहिल्या पिढीत संकराचा जोम, म्हणजे दोन जाती मिसळल्याने येणारी जास्तीची ताकद आणि वाढ, पूर्ण मिळतो. त्या पिढीची पाट (तरुण मादी) पुन्हा बोअरला दाखवली की पुढच्या पिढीत तो जोम निम्म्यावर येतो आणि उन्हाचा त्रास मात्र वाढतो. म्हणून निम्म्या बोअरच्या पाटी पैदाशीला न ठेवता विका. कळपासाठीच्या पाटी उस्मानाबादी बोकडापासूनच घ्या. पहिल्या वेताच्या लहान चणीच्या शेळीला बोअर दाखवू नका, करडू मोठं पडून अडतं. तिलाही उस्मानाबादीच दाखवा. झाडांची दाट सावली, उंच छप्पर आणि दिवसभर गार पाणी असेल तर पाऊण बोअरचा विचार करता येतो. मावळ-मुळशीकडे उन्हापेक्षा ओल आणि जंत यांचा प्रश्न मोठा. तिथल्यांनी आधी आमच्याशी बोलावं.

गुरांच्या जगातही हाच पेच सोडवला गेला आहे. आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल, कृष्णाकाठच्या गुरांपासून अमेरिकेत ब्राह्मण जात घडवली गेली. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या अँगस गुरांशी तिचा संकर करून ब्रँगस ही जात तयार झाली. तिच्यात ब्राह्मणाचं रक्त आठात तीन आणि अँगसचं आठात पाच. ब्राह्मणाचं रक्त फार वाढलं की मांस चिवट होतं, फार कमी झालं की जनावर उन्हात टिकत नाही. तिथल्या लोकांनी प्रमाण ठरवलं आणि तिथेच थांबले.

पैदाशीचा बोकड, ईदचा बोकड

बोकडाचं बीज तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात. मे महिन्यात ताप सोसलेला बोकड जूनमध्ये अंगाने ठणठणीत दिसतो, पण शेळ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. त्याचं खापर शेळ्यांवर फोडू नका. बोअर बोकडाला एप्रिलपासूनच सगळ्यात गार जागा द्या आणि शेळी दाखवायची ती पहाटे.

बकरी ईद दर वर्षी 10-11 दिवसांनी अलीकडे येते. 2024 ला 17 जूनला होती, 2025 ला 7 जूनला. म्हणजे पुढची काही वर्षं ईदच्या बोकडाची शेवटची भरणी ऐन उन्हाळ्यात पडणार. ज्यांना ईदचा बाजार धरायचा आहे त्यांनी वजन मार्चअखेर बसवून घ्यावं आणि पुढे फक्त टिकवावं. खुराक सूर्य उतरल्यावर द्या आणि दुपारी फक्त पाला ठेवा. उन्हाळ्यात भरडा वाढवून पाणी कमी पडलं तर बोकडाला मूतखडा होतो, खच्ची केलेल्याला जास्तच. थेंबथेंब लघवी, पाय ताणून उभं राहणं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. आमच्याकडच्या एका चांगल्या बोकडाला आम्ही एक दिवस "बघू उद्या" म्हटलं आणि तो गेला. त्याची आठवण अजून टोचते.

बाजाराला नेताना रात्री निघा, टेम्पोत दाटी करू नका. घाबरलेल्या, तापलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर वाटेतच संपते. मग कापल्यावर मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि मटण काळपट, चिकट पडतं, लवकर खराब होतं. खाटीक रान आणि चाप हातात घेताच ओळखतो. पुढच्या वेळी तुमच्या मालाला भाव पाडून मागतो.

बोकड बघायला यायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान या. सकाळच्या गारव्यात सगळेच बोकड देखणे दिसतात. येताना घड्याळ आणा, कुशीचे श्वास स्वतः मोजा, तोंड मिटलेलं आहे का ते बघा, त्याच्यापुढे मूठभर पाला धरा. खाल्ला तर भावाचं बोलू.