ईमेल स्थलांतर

डोमेन तेच ठेवून कार्यालयाच्या सर्व मेलबॉक्स जुन्या पत्रांसह एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची प्रक्रिया.

मुंबईत ईमेलचा आरंभ सामान्यतः शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या ईआरनेट प्रकल्पापासून धरतात. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात संदेशांची देवाणघेवाण सुरू झाली असावी. व्यापारी कार्यालयांपुरती १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख अधिक सयुक्तिक वाटते. त्या दिवशी विदेश संचार निगमने सार्वजनिक इंटरनेट सेवा खुली केली. तेव्हा डायल-अपच्या मिनिटामिनिटाचे पैसे पडत. त्यामुळे पॉप पद्धतीने पत्रे संगणकावर उतरवून फोन ठेवून देणेच परवडे. उतरलेले पत्र बहुधा सर्व्हरवरून पुसले जाई.

पत्रे सर्व्हरवरच ठेवणाऱ्या आयमॅपचा जन्म कोणी १९८६, तर कोणी १९८८ सालचा मानतात. मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड येथे १९८६ मध्ये त्याची रचना केली. पण त्या पहिल्या मसुद्याची प्रत उपलब्ध नाही. आरएफसी (इंटरनेटच्या नियमांची क्रमांकित पत्रके) मालिकेतील १०६४ हे आयमॅपचे विनिर्देशपत्र जुलै १९८८ चे असल्याने, छापील पुराव्यापुरते तेच वर्ष ग्राह्य धरणे बरे. आज रूढ असलेली चौथी आवृत्ती नव्वदीच्या दशकातील.

आयमॅपसिंकसारखी साधने दोन्ही सर्व्हरवर लॉगिन करून पत्रामागून पत्र नकलतात. पत्राच्या शीर्षातील तारीख आणि सर्व्हरने नोंदवलेली आगमनाची तारीख या वेगवेगळ्या असतात. दुसरी जपली नाही, तर दहा वर्षांची पत्रे काही मेल-प्रोग्रामांत आजच आल्यासारखी दिसतात. आयमॅपच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरी फोल्डरनावे यूटीएफ-७ च्या (इतर लिप्या साध्या रोमन अक्षरचिन्हांत लिहिण्याच्या पद्धतीच्या) सुधारित रूपात साठवली जातात; साधनाला ते न उमगल्यास ‘बिले’ हा फोल्डर & चिन्हाने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या जंजाळासारखा दिसतो.

क्रमाविषयी मतभेद आहेत. काही जण सर्व नक्कल पूर्ण झाल्यावरच एमएक्स नोंद (डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणारी) बदलतात. आधी टीटीएल (ती नोंद इतर सर्व्हरांनी किती वेळ जपून ठेवावी तो अवधी) काही मिनिटांवर आणावा, पहिली नक्कल करावी, मग एमएक्स बदलून जुन्या सर्व्हरवर उशिरा पोचलेल्या पत्रांसाठी पुन्हा नक्कल करावी, हा क्रम अधिक निर्धोक दिसतो. मधल्या काळात नवा सर्व्हर बंद असला, तरी पाठवणारा सर्व्हर सहसा पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ नुसार असे प्रयत्न किमान चार-पाच दिवस चालावेत. खाती उघडण्याआधीच पत्रे येऊ लागली, तर मात्र ‘असा पत्ता नाही’ असे कायमचे उत्तर जाते आणि पत्र परत फिरते.

पत्रे गहाळ होतात ती बहुधा सर्व्हरवरून नव्हे. मशीद बंदर किंवा फोर्टमधील एखाद्या पेढीत जुन्या भागीदाराच्या संगणकावरील पीएसटी फाइलीतच (आउटलुक या मेल-प्रोग्रामच्या पत्रसाठ्यात) १९९० च्या दशकापासूनचा व्यवहार असतो, आणि सर्व्हरकडून होणाऱ्या नकलेला तो दिसतच नाही. आउटलुकच्या २००३ पूर्वीच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती. ती भरल्यावर फाइल बिघडण्याचा धोका असे. अशा फाइली आधी हुडकून वेगळ्या चढवाव्या लागतात.

स्थलांतरासाठी सनदी लेखापालांच्या कार्यालयांत विवरणपत्रांचा जुलै आणि कर-लेखापरीक्षेचा सप्टेंबर टाळतात; इतरत्र शनिवारची रात्र निवडतात.