मटचन आणि एडिसन: एडिसनच्या पोटात, पण एडिसनचं नव्हे

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला "कुठे असता?" असं विचारलं, की बरेचदा उत्तर येतं, "एडिसन." मटचनला घर असलेले कितीतरी जणही तेच सांगतात, कारण पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनी एडिसनचं नाव ऐकलेलं असतं. सांगायला ते सोपं पडतं, पण त्यातून मटचन म्हणजे एडिसनमधलीच एखादी वस्ती, असा समज होतो. तो साफ चुकीचा आहे. मटचन हा स्वतंत्र बरो, म्हणजे स्वतःची पालिका असलेलं गाव, आहे. त्याचा महापौर, पोलीस, शाळा, घरपट्टी, सगळं वेगळं.

गोंधळाचं मूळ नकाशात आहे. एडिसन हा मेदुवडा धरला तर मटचन म्हणजे त्याचं भोक. कुठल्याही दिशेनं मटचनच्या बाहेर पडा, पाय एडिसनमध्येच पडतो. एडिसन सुमारे ७९ चौरस किलोमीटरचं, मटचन जेमतेम ७. २०२० च्या जनगणनेत एडिसनची लोकसंख्या १,०७,५८८ भरली, मटचनची १५,०४९.

आता इतिहास बघा, म्हणजे कोण कुणाचं हे कळेल. १८७० मध्ये वुडब्रिज आणि पिस्कॅटवे यांचे भाग तोडून रॅरिटन टाउनशिप झाली. टाउनशिप हाही इथला पालिकेचाच एक प्रकार. मटचन हे तिच्यातलं रेल्वेकाठचं गाव. त्याच्या नावाचा संबंध लेनापी या इथल्या मूळ रहिवाशांच्या एका प्रमुखाशी जोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यू जर्सीत अशी गावं टाउनशिपमधून भराभर फुटत होती. एकट्या बर्गन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) १८९४ मध्ये दोन डझनांवर बरो झाले. आपला कर आपल्याच रस्त्यांवर आणि शाळांवर खर्च व्हावा, हा त्यामागचा हिशेब. २० मार्च १९०० रोजी मटचनही वेगळं झालं आणि १९०५ मध्ये हायलंड पार्क. उरलेली टाउनशिप रॅरिटन हेच नाव लावत राहिली. एडिसन हे नाव तिनं घेतलं १९५४ मध्ये, तेही मतदान करून. म्हणजे मटचन वेगळं झालं तेव्हा थॉमस एडिसन हयात होते, पण एडिसन नावाची टाउनशिप नव्हती. "मटचन एडिसनमधून फुटलं" हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. नावानं पाहिलं तर मटचनच ५४ वर्षांनी थोरलं.

जुन्या मोटारींच्या शौकिनांना याचा एक गमतीदार पुरावा माहीत असेल. फोर्डचा इथला कारखाना १९४८ पासून २००४ पर्यंत चालला. जागा टाउनशिपची, आजच्या एडिसनमधली, पण कारखान्याची ओळख 'मटचन' अशी. इथे जोडलेल्या जुन्या मस्टँगच्या क्रमांकातलं 'टी' हे अक्षर मटचनचं म्हणून ओळखलं जातं, आणि गाडी बांधली गेली ती मटचनच्या हद्दीबाहेर!

रेल्वेतही असाच घोळ आहे. न्यूयॉर्कहून येताना स्टेशनं लागतात ती मेट्रोपार्क, मटचन, एडिसन अशी. एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, जिथे १८७७ मध्ये फोनोग्राफ आणि १८७९ मध्ये टिकाऊ दिवा तयार झाला, ती पाहायची म्हणून एडिसन स्टेशनावर उतराल तर फसाल. त्या स्टेशनाचं जुनं नाव स्टेल्टन, आणि ते मटचनच्या पलीकडच्या अंगाला आहे. प्रयोगशाळेची जागा आणि माथ्यावर भलामोठा दिवा असलेला स्मारक-मनोरा अलीकडे, मेट्रोपार्कच्या जवळ. एडिसन टाउनशिप मटचनच्या दोन्ही बाजूंना पसरल्याचा हा परिणाम. मटचनचं स्टेशन मात्र गावाच्या मध्यावर आहे. गाडीतून उतरून मेन स्ट्रीटवर पायी पोचता येतं. एडिसनला असा एक मध्य नाही. ओक ट्री रोडला भारतीय दुकानांची रांग आहे, रूट वन या महामार्गाला मोटारींच्या दुकानांची, आणि दोन्ही एकमेकांपासून दूर.

'बरो' या शब्दानंही चकवा बसतो. ब्रुकलिनही बरोच, पण तो न्यूयॉर्क शहराचा एक विभाग, २०२० च्या जनगणनेत लोकवस्ती २७ लाखांवर. न्यू जर्सीतला बरो हा कुठल्या शहराचा तुकडा नसतो, तो स्वतःच पालिका असतो. मटचनचा कारभार महापौर आणि सहा सदस्यांची परिषद बघते.

घर घेताना हा फरक थेट खिशाला आणि मुलांच्या शाळेला लागतो. ग्रोव्ह अॅव्हेन्यूचंच घ्या. रस्ता मटचनमध्ये सुरू होतो आणि त्याच नावानं एडिसनमध्ये शिरतो. पुढे त्याच रस्त्यावर जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल आहे, ज्यासाठी आपली कितीतरी मंडळी घर शोधतात. पण हद्दीच्या अलीकडे, मटचनमध्ये घर घेतलं तर मूल जाणार मटचन हायस्कूलला. ती शाळाही चांगली आहे, पण घेताना माहीत असलेलं बरं. आणि नुसत्या टपालाच्या पत्त्यावर जाऊ नका. मेन्लो पार्क टेरेस वुडब्रिजमध्ये येतं, तरी तिथल्या पत्त्यावर मटचन आणि ०८८४० हा पिनकोड लिहितात. घरपट्टीचं बिल मागवा आणि ते कुठल्या पालिकेचं आहे ते बघा.