ग्लिनिके पूल: हेरांची अदलाबदल किती वेळा?

बर्लिनमध्ये हेरगिरीच्या ठिकाणांची पायी सफर करून आलेले लोक हमखास सांगतात, ‘ग्लिनिके पुलावर शीतयुद्धात सारखी हेरांची अदलाबदल चालायची.’ छे! पश्चिम बर्लिन आणि पूर्व जर्मनीतलं पॉट्सडॅम यांच्या सीमेवरच्या या पुलावर ती झाली फक्त तीनदा. १० फेब्रुवारी १९६२ ला सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेलच्या बदल्यात अमेरिकेच्या यू-२ या हेरगिरीच्या विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स सुटला. ११ जून १९८५ ला पूर्वेच्या चौघा हेरांच्या बदल्यात पश्चिमेसाठी काम करणारे तेवीस जण. आणि ११ फेब्रुवारी १९८६ ला इतरांसोबत सोव्हिएत कैदेतला अनातोली श्चारान्स्की. तो तर हेर नव्हताच, मानवी हक्कांसाठी झगडणारा होता. म्हणून अमेरिकेने त्याला बाकीच्यांच्या आधी, वेगळा चालत आणवला. तिन्ही वेळची माणसं मोजली तरी चाळीसच्या आसपास.

खरी वर्दळ दुसरीकडेच होती. पश्चिम जर्मनीने पैसे मोजून पूर्व जर्मनीच्या तुरुंगांतले ३३ हजारांहून जास्त राजकीय कैदी सोडवले, तेही गुपचूप, बसगाड्या भरभरून. त्यात ना धुकं, ना ओव्हरकोट. सिनेमावाले कशाला फिरकतील?

पूल मात्र जरूर बघा. मधोमध उभं राहून लोखंडाकडे नीट पाहिलं, की दिसतं: पॉट्सडॅमकडचा हिरवा आणि बर्लिनकडचा हिरवा जुळत नाहीत.