श्रीखंड कडू का झालं?

"आम्ही चौघं निघालोय, जेवायलाच येतो," असा नणंदेचा फोन शनिवारी संध्याकाळी सातला आला. घरात होता अर्धा किलो चक्का, सकाळी चिरलेला अननस, दोन पेरू आणि साल काळवंडलेली केळी. चक्क्यात साखर फेटली, अननसाचे बारीक तुकडे घातले आणि पातेलं फ्रीजमध्ये सरकवलं. तेव्हा चाखलं तर झकास लागलं होतं. साडेनऊला भाच्याने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मामी, कारलं घातलंयस का यात?" श्रीखंड खरंच कडू झालं होतं, शिवाय कडेने पाणीही सुटलं होतं.

सगळ्यांनी दोष दिला तो आंबट फळ आणि दूध यांच्या जुन्या वैराला. पण ते इथे लागू पडत नाही. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), 6.7च्या आसपास असतो. तो 4.6च्या जवळ उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि दूध फाटतं. दही म्हणजे आंबटपणानेच घट्ट झालेलं दूध. जे आधीच साकळलंय, ते अननसाच्या आंबटपणाने आणखी काय नासणार?

खरा उपद्व्यापी म्हणजे ब्रोमेलेन, कच्च्या अननसातलं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ब्रोमेलेन ती मधेमधे कापतं. केसीनची अख्खी माळ बेचव असते, पण तिचे काही छोटे तुकडे चांगलेच कडू लागतात. या तुकड्यांत पाण्याशी फटकून राहणारी अमिनो आम्लं जास्त असतात आणि माळ तुटल्यावर ती जिभेवरच्या कडू चव ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात. चक्क्याचं पाणी धरून ठेवणारं प्रथिनांचं जाळंही कापलं जातं, म्हणून कडेने पाणी सुटतं. फ्रीजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही. अननस जास्त खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही ब्रोमेलेनचा हात असतो.

मग दूध घालून केलेला अननसाचा शिरा कडू का होत नाही? कारण त्यात अननस शिजतो. विकर हेही एक प्रथिनच. तापमान 70-80 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की त्याची घडी विस्कटते आणि कापायची ताकद जाते. डबाबंद अननसही डब्यात भरताना तापवलेला असतो. माझी मावशी श्रीखंडात नेहमी डब्यातलाच अननस घालते. "आमच्याकडे कधी कडू होत नाही गं," हे तिचं वाक्य मी इतकी वर्षं तिच्या हाताच्या चवीच्या खात्यावर जमा करत होते!

घरी पडताळून बघायचं तर दोन वाट्यांत दही घ्या. एकीत अननसाचे कच्चे तुकडे घाला, दुसरीत पाच मिनिटं उकळून गार केलेले. तासाभराने आधी उकळलेल्या तुकड्यांची वाटी चाखा. उलटं केलंत तर जीभ पुढचा निकाल द्यायच्या अवस्थेत राहत नाही.

आंब्यात असं जोरकस विकर नसतं, म्हणून आम्रखंड दुसऱ्या दिवशीही गोड लागतं. पपईचं पपेन ब्रोमेलेनच्याच जातीचं. कच्ची पपई वाटून मटणाला लावतात ती त्यासाठीच. पपई पिकली की ते बरंच कमी होतं, तरी पपईचा मिल्कशेक करून ठेवला तर कडवटतो. तो लगेच पिऊन टाकावा. किवी आणि ताजं अंजीरही याच पंथातले. जिलेटिन हे प्रथिन असल्यामुळे कच्चा अननस घातलेली जेली सेट होत नाही. चायना ग्रास मात्र समुद्री शेवाळातल्या कर्बोदकापासून बनतं, त्याच्यावर ब्रोमेलेनचं काही चालत नाही.

त्या रात्री लाज राखली पेरूने. मोहरी-हिंगाच्या फोडणीवर फोडी परतल्या, तिखट, मीठ, गूळ घालून झाकण ठेवलं. पेरूत पेक्टिन भरपूर असतं. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा हा डिंकच म्हणा. उष्णतेने तो सुटतो, फोडी मऊ होतात आणि रसाला दाटपणा येतो, म्हणून या भाजीला वेगळं काही लावून घट्ट करावं लागत नाही. आंबट घातलं की पेक्टिन सुटायला वेळ लागतो. तेव्हा लिंबू पिळायचं ते फोडी शिजल्यावर. घाईघाईत आधीच पिळलंत तर फोडी बराच वेळ करकरीत राहतात.

आणि केळ्यांचं शिकरण. हिरव्या केळ्यात वजनाच्या सुमारे 20 टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकेपर्यंत तो जवळजवळ सगळा साखरेत बदलतो. काळ्या सालीच्या केळ्यांना म्हणूनच वरून साखर जवळपास लागत नाही. शिकरण-पोळी खाताना माझ्या श्रीखंडाचा विषय कुणी काढला नाही, हे मला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी अननसाच्या फोडी साखरेत चांगल्या उकळल्या, पूर्ण गार केल्या आणि मग चक्क्यात मिसळल्या. भाच्याने आधी वाटीचा वास घेतला, चमच्याच्या टोकावर एवढंसं घेऊन माझ्याकडे पाहिलं, आणि मग वाटी पुढे केली.