मूल परदेशी निघालंय, सोबत आई-बाबा नाहीत: संमतीपत्र नेमकं कुठे अडतं

आत्या, मामा, आजी-आजोबा, शाळेची सहल, मैत्रिणीचं कुटुंब. मूल यांपैकी कोणाहीबरोबर परदेशी निघालं की इमिग्रेशनच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला असतो: पालकांची लेखी परवानगी कुठे आहे? व्हिसा मिळाला म्हणजे हा प्रश्न मिटला, अशी बहुतेकांची समजूत असते. तो मिटत नाही. एका पालकाने किंवा नातेवाइकाने दुसऱ्याला अंधारात ठेवून मूल परदेशी नेण्याचे प्रकार इतके होतात की त्यासाठी १९८० साली हेगमध्ये आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. अधिकारी संशय घेतो तो याच कारणाने, आणि त्याची नजर आधी जाते ती समोर नसलेल्या पालकाच्या सहीकडे.

कोणाला लागतं, हे सोपं आहे. बहुतेक देशांत १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल यात येतं, बापापेक्षा उंच झालेला सतरा वर्षांचा मुलगासुद्धा. पत्रात मुलाचं आणि सोबतच्या माणसाचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, दोघांचं नातं, प्रवासाच्या तारखा, मुक्कामाचा पत्ता, आणि पालकांचे पत्ते, फोन, सह्या. जोडीला मुलाचा जन्मदाखला आणि पालकांच्या पासपोर्टच्या झेरॉक्स. हे सगळे जमवतात.

अडतं ते सह्यांवर. ‘सही’ म्हणजे दोघांची. फक्त वडिलांची सही घेऊन आलेले अर्ज परत जातात आणि लोक वर विचारतात, घरचा कर्ता माणूस सही करतोय ना, मग अजून काय हवं? आईची सही हवी. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनामा नुसता जोडू नका, आधी वाचा. मूल एकाकडे राहतं याचा अर्थ दुसऱ्याचा हक्क संपला असा होत नाही. ताबा संयुक्त असेल तर दुसऱ्याची सही लागतेच, आणि परदेशी नेण्याबद्दल वेगळी अट असेल तर ती बहुधा शेवटच्या पानांत दडलेली असते. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडा. सगळ्यात अवघड गत त्यांची, ज्यांच्या जोडीदाराचा वर्षानुवर्षं पत्ताच नाही. ‘संपर्क नाही’ असं आपणच लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र अनेक ठिकाणी पुरत नाही, कोर्टाचा आदेश मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तिकिटं काढण्याआधी वकील गाठा. जो माणूस सापडतच नाही त्याची सही आणा म्हणणाऱ्या खिडकीपुढे संताप येतो, पण वाद घालून आदेश मिळत नाही.

नोटरीचाही घोळ होतो. घरी सही करून कागद दुसऱ्याच्या हाती पाठवायचा नाही, सही नोटरीसमोर करायची. एक पालक दुसऱ्या देशात असेल तर त्याने तिथल्या आपल्या वकिलातीत किंवा नोटरीपुढे करावी. कुठे कुठे वर अपोस्टिलही, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र, मागतात. पण अपोस्टिल फक्त सही-शिक्का खरा असल्याचं सांगतं, मजकुराची हमी देत नाही.

देशागणिक नियम बदलतात. कॅनडाला पत्र शक्यतो इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लागतं. फ्रान्समध्ये राहणारं मूल पालकांविना देशाबाहेर जाताना २०१७ पासून ठरलेला सरकारी फॉर्म लागतो. तिथे एकाच पालकाची सही चालते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. दक्षिण आफ्रिकेने २०१५ मध्ये जन्मदाखल्याची सक्ती केली तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं विमानतळावरून परत गेली. पुढे नियम सैल झाला, तरी परक्या माणसाबरोबरच्या मुलाला संमतीपत्र लागतंच. अमेरिका नोटरी केलेल्या पत्राची ‘शिफारस’ करते. शिफारस म्हणजे नसलं तरी चालेल, असा सोयीचा अर्थ काढू नका. चौकशीसाठी बाजूला बसवायला तेवढं पुरतं.

मुलांच्या ब्रिटनच्या व्हिसावर सोबतच्या मोठ्या माणसाची नोंद असते. मावशीची नोंद असताना ऐन वेळी मामा निघाला तर मूल दारातूनच परत येऊ शकतं. पत्राचंही तेच: माणूस बदलला की पत्र नवं. तारखा तिकिटाप्रमाणे तंतोतंत लिहिल्या आणि परतीचं विमान रद्द झालं तर पत्र मुदतबाह्य ठरतं, म्हणून पुढे चार-आठ दिवस मोकळे ठेवा. लग्नानंतर आईचं नाव बदललं असेल आणि जन्मदाखल्यावर जुनं असेल, तर दोन्ही नावं जोडणारा कागद, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, सोबत हवा.

मुलालाही चार गोष्टी सांगून ठेवा, कारण अधिकारी थेट त्यालाच विचारतात, “हे तुझे कोण?” पत्रात ‘वडिलांचे मित्र’ आणि मुलाच्या तोंडी ‘काका’, एवढ्यावरून अर्धा तास जातो. पत्रातले फोन त्या वेळी चालू ठेवा, तुमच्याकडे रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आजारपणात उपचारांना परवानगी देण्याचा अधिकार सोबतच्या माणसाला हवा असेल तर तसं पत्रात स्वतंत्रपणे लिहा. प्रवासाच्या परवानगीत तो आपोआप येत नाही. आणि मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मिळते ती इमिग्रेशन पार केल्यावर.