वेल्डिंगमधील नेत्रसुरक्षा

विजेच्या आर्कने, म्हणजे रॉड आणि धातू यांच्यामध्ये सतत पेटत्या राहणाऱ्या विजेच्या झोताने, धातू जोडताना निघणाऱ्या किरणांपासून आणि उडणाऱ्या कणांपासून डोळे जपण्याची साधने व सवयी. हातात रॉड (वितळून जोड भरणारी, लेप दिलेली तार) धरून होणाऱ्या वेल्डिंगमध्ये हा विषय कसबापासून वेगळा काढता येत नाही. काळ्या काचेचे हेल्मेट तोंडावर ओढलेले ठेवून ज्याला आर्क पेटवता येत नाही, त्याला कितीही चांगली काच दिली तरी त्याचे डोळे भाजायचे ते भाजतातच.

आर्कमधून झगझगीत उजेड, उष्णतेचे अवरक्त किरण आणि न दिसणारे अतिनील किरण असे तिन्ही बाहेर पडतात. सर्वांत लवकर इजा होते ती अतिनील किरणांनी. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, हे किरण शोषून घेतो आणि त्याचा वरचा थर भाजतो. हा थर जेमतेम ०.०५ मिमी जाडीचा असतो. भाजलेल्या पेशी लगेच गळत नाहीत, त्यामुळे दुखणे साधारण ६ ते १२ तासांनी उठते. कारागीर संध्याकाळी व्यवस्थित घरी जातो, जेवतो, झोपतो आणि मध्यरात्री डोळ्यांत वाळू खुपते आहे असे वाटून जागा होतो. डोळ्यांना धार लागते, ट्यूबलाइटचा उजेडही सोसवत नाही. यालाच कारागीर ‘आर्क लागली’ म्हणतात. नवा थर येऊन १ ते ३ दिवसांत डोळे बहुधा बरे होतात. आपोआप बरे होते म्हणून दुकानांत हे कामाचाच भाग समजले जाते, आणि ही समजूत घातक आहे. कारण आर्कमधला निळसर दृश्य प्रकाश भिंगातून थेट दृष्टिपटलावर पडतो. तिथे झालेली इजा कॉर्नियासारखी भरून येईलच असे नाही. नजरेच्या मधोमध कायमचा डाग राहू शकतो.

काळ्या काचेला क्रमांक असतो; क्रमांक जितका मोठा तितकी काच गडद. १० क्रमांकाच्या काचेतून दिसणाऱ्या प्रकाशाचा साधारण ७,००० वा भागच आत येतो. घरगुती गेट, ग्रिल यांसाठी ३.१५ मिमी रॉड ९० ते १३० अँपिअरवर चालवतात. त्याला १० किंवा ११ क्रमांक योग्य. करंट वाढला की क्रमांकही वाढवावा. गॅस वेल्डिंगचा गॉगल ४ ते ६ क्रमांकाचा असतो, तो आर्कसाठी चालत नाही. उन्हात वापरायचा काळा गॉगल तर मुळीच नाही, तरीही रस्त्याकडेच्या कामावर तो सर्रास दिसतो. काळ्या काचेपुढे साधी पांढरी काच बसवतात. तिच्यावर ठिणग्यांचे थेंब चिकटून नजर धूसर झाली की ती लगेच बदलावी, कारण दिसेनासे झाले की माणूस हेल्मेट वर करतो.

शिकाऊ कारागिराला आर्क लागते ती नेमकी अशाच क्षणी. काळ्या काचेतून आर्क पेटेपर्यंत काहीच दिसत नाही. रॉड कुठे टेकवायचा ते पाहण्यासाठी तो स्क्रीन, म्हणजे हातात धरायची काळ्या काचेची ढाल, बाजूला धरतो, रॉड टेकतो, झोत उठतो आणि मग स्क्रीन तोंडासमोर येते. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरून ठेवणारा छोटा टाका, मारताना तर डोळे मिटून मान वळवण्याची पद्धतच पडली आहे. पापण्या वेळेवर मिटत नाहीत आणि न बघता मारलेला टॅक जागेवर बसत नाही, म्हणजे नुकसान दुहेरी. खरा उपाय हाताच्या सरावात आहे. कोपर किंवा मनगट कशावर तरी टेकवावे, रॉडचे टोक जागेच्या वर सेंटिमीटरभर आणून हात स्थिर करावा, मानेच्या झटक्याने हेल्मेट खाली घ्यावे आणि मगच टोक पत्र्यावर ओझरते घासून किंचित उचलावे. सुरुवातीला रॉड चिकटतो. मनगट बाजूला पिळून तो सोडवता येतो. नाहीच सुटला तर होल्डरचा, म्हणजे रॉड पकडणाऱ्या चिमट्याचा, चाप दाबून रॉड मोकळा करावा. हेल्मेट मात्र खालीच राहू द्यावे. रद्दी प्लेटवर एवढाच सराव आधी करून घ्यावा, जोडकाम नंतर.

आर्क पेटल्यावर नजर झोतावर न ठेवता त्याच्या मागच्या वितळलेल्या धातूवर ठेवायची. आर्कची लांबी साधारण रॉडच्या तारेच्या जाडीएवढी ठेवली की आवाज एकसारखा चरचरत राहतो. लांबी वाढली की आवाज फुसफुसतो, ठिणग्या जास्त उडतात, जोडावर पडणारी धातूची रेघ (शिर) पसरट होते. वितळलेला धातू आणि त्यावर तरंगणारा स्लॅग (रॉडच्या लेपाची वितळलेली मळी) यांतला फरक ओळखू येणे हे शिकण्यातले मोठे वळण आहे, आणि तो योग्य क्रमांकाच्या स्वच्छ काचेतूनच ओळखू येतो. आपोआप काळी होणारी काच स्वीडनच्या हॉर्नेल कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणली. आर्क पेटण्याआधीही तिच्यातून जागा दिसते, त्यामुळे नवशिक्याला ती विशेष उपयोगी पडते.

वेल्डरपेक्षा हेल्परचे हाल अनेकदा जास्त होतात. जोडायचा जॉब धरून बसलेल्या पोराच्या तोंडावर काहीच नसते. चुन्याच्या भिंतीवरून, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलवरून परावर्तित होणारे किरणही इजा करतात, म्हणून कामाभोवती पडदा लावावा. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ ने डोळ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी कारखान्यावर टाकली; दोन-तीन माणसांची फॅब्रिकेशनची दुकाने मात्र बहुधा त्याबाहेरच राहिली.

आर्क लागल्यास डोळे चोळू नयेत, अंधारात विश्रांती घ्यावी, स्वच्छ थंड पाण्याच्या घड्या बंद पापण्यांवर ठेवाव्यात आणि नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. बटाट्याच्या चकत्यांनी गारवा वाटतो, भाजलेला थर भरून येत नाही; दूध डोळ्यांत घातल्यास जंतुसंसर्गाची भीती असते. डोळा बधिर करणारे थेंब घरी वारंवार घालणे सर्वांत धोक्याचे: दुखणे थांबते, पण जखम भरत नाही आणि कॉर्नियाला व्रण पडू शकतो. एकाच डोळ्यात खुपत असेल, त्यातही ग्राइंडर किंवा स्लॅग फोडायची चिपिंग हातोडी चालवल्यानंतर, तर आर्कपेक्षा लोखंडाचा कण रुतल्याची शंका आधी घ्यावी. असा कण काही तासांतच गंजू लागतो आणि भोवती गंजाचे कडे धरतो. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.